विश्लेषण : शाळेतल्या प्रार्थनेला पालकांची संमती लागते का? कलम २८ काय सांगते आणि प्रत्यक्षात काय होते?

मे २०२४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला आणि वाद पेटला. मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीतला श्लोक होता. मनाचे श्लोक आणि भगवद्गीतेचा बारावा अध्याय यांच्या पाठांतराची सूचनाही होती. महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, आरोप-प्रत्यारोप झाले. मनुस्मृतीचा अभ्यासक्रमात समावेश होणार नाही, असे सरकारने स्पष्ट केले आणि चर्चा विरली.

मूळ प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्म किती आणि कसा यावा? मनाचे श्लोक मराठीच्या पुस्तकात कविता म्हणून शिकवणे आणि तेच परिपाठात हात जोडून म्हणायला लावणे, यात फरक आहे का? असल्यास ती रेषा कोण आखणार? या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले जाते. पण राज्यघटनेने या विषयावर स्वतंत्र कलम लिहून ठेवले आहे, त्यात एक अगदी व्यवहार्य अट घातली आहे आणि ती अट आपल्या शाळांमध्ये जवळपास कुठेच पाळली जात नाही, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

कलम २८ नेमके काय सांगते?

‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. त्यामुळे शाळेतल्या धर्माचा विषय निघाला की ‘हा शब्द आणीबाणीत घुसवला’ असे उत्तर हमखास मिळते. पण शाळांबाबतचा नियम त्या शब्दावर अवलंबून नाही. कलम २८ मूळ राज्यघटनेतच आहे आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू आहे.

या कलमात शाळांचे तीन गट पडतात. पहिला गट पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांचा. जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या शाळा, केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये यात येतात. इथे कोणत्याही धर्माचे धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्याला संमतीचाही अपवाद नाही. गावातल्या सगळ्या पालकांनी सह्या दिल्या, तरी जिल्हा परिषदेच्या शाळेत धार्मिक शिक्षणाचा तास सुरू करता येणार नाही.

दुसरा गट छोटा आहे. एखाद्या न्यासाने किंवा देणगीदाराने धार्मिक शिक्षणाच्या अटीवर स्थापन केलेली संस्था सरकार चालवत असेल, तर तिला पहिला नियम लागू होत नाही.

तिसरा गट सरकारची मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या शाळांचा. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य माध्यमिक शाळा खासगी संस्थांच्या आहेत, त्या इथे येतात. हिंदू संस्थेची शाळा, कॉन्व्हेंट, उर्दू माध्यमाची संस्था, सगळ्यांना नियम एकच. इथे धार्मिक शिक्षण देता येते, उपासनाही करता येते. पण विद्यार्थ्याला त्यात भाग घ्यायला लावता येत नाही. अपवाद फक्त एक. त्याने स्वतः संमती दिली असेल, किंवा तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाने संमती दिली असेल, तरच.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचण्यासारखे आहे. ‘पालकाने हरकत घेतली तर मुलाला सूट द्या’ असे घटना म्हणत नाही. ‘पालकाने संमती दिली नसेल, तर सक्ती करू नका’ असे म्हणते. मोबाइलमधल्या सेटिंगच्या भाषेत सांगायचे, तर घटनेने हे बटण सुरुवातीला ‘बंद’ ठेवले आहे. ते ‘चालू’ करायचा अधिकार पालकांचा आहे. शाळांनी मात्र ते परस्पर ‘चालू’ करून ठेवले आहे.

घटना समितीत काय चर्चा झाली होती?

या तरतुदीवर घटना समितीत ७ डिसेंबर १९४८ रोजी चर्चा झाली. सरकारी शाळेत धार्मिक शिक्षणाला वाव हवा, असे म्हणणारे सदस्य होते. मुळीच नको म्हणणारेही होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना प्रामुख्याने तीन कारणे दिली. एका विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर आकारता येणार नाही हे आधीच ठरले आहे. मग सर्वांच्या करातून एका धर्माचे शिक्षण कसे देता येईल? दुसरे, देशात धर्म आणि पंथ इतके आहेत की सर्वांना न्याय देणारी व्यवस्था एका शाळेत उभी करणे व्यवहारात अशक्य आहे. तिसरे कारण सर्वांत परखड होते. अनेक धर्म आपलाच मार्ग खरा आणि बाकीचे चुकीचे असे सांगतात. ही भांडणे वर्गात आणली, तर शाळेची शांतता टिकणार नाही.

त्याच चर्चेत संस्कृत पाठशाळांचा प्रश्न निघाला. तिथे वेद, उपनिषदे शिकवली जातात, त्यांचे काय? आंबेडकरांनी धार्मिक शिक्षण आणि अभ्यास-संशोधन यांत भेद केला. अमुक गोष्टीवर श्रद्धा ठेव, असे शिकवणे म्हणजे धार्मिक शिक्षण. एखाद्या ग्रंथाचा अभ्यास करणे ही वेगळी गोष्ट आहे. पुढच्या पन्नास-साठ वर्षांतल्या न्यायालयीन निकालांचा गाभा या भेदातच आहे.

हा नियम मुळात कोणाच्या संरक्षणासाठी आला?

शाळेत धर्म नको ही मागणी अल्पसंख्याकांच्या सोयीसाठी केली जाते, असा एक समज आहे. मुंबईचा इतिहास वेगळे सांगतो.

१८३९ मध्ये मुंबईतल्या डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनरी शाळेतल्या पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पारशी समाज हादरला, प्रकरण न्यायालयात गेले, अनेक पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये स्कॉटिश मिशनशी संबंधित नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत न्यायालयाच्या आदेशाने घरी परतला. त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यासाठी त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

तेव्हा धास्तावलेले पालक हिंदू आणि पारशी होते. मुलाला इंग्रजी शिकवायचे होते, पण त्याबरोबर येणारा बायबलचा तास नको होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतले शिक्षण धर्मापासून अलिप्त राहील, असे धोरण मांडले. बायबल ग्रंथालयात असू शकेल. पण शिक्षकाने ते वर्गात शिकवायचे नाही.

कलम २८ मधली संमतीची अट ही या अनुभवाच्या पुढची पायरी आहे. वर्गात जो संख्येने किंवा सत्तेने कमी आहे, त्याला हा नियम संरक्षण देतो. १८४० च्या दशकात तो कोकणातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबाला हवा होता. आज तो आदिवासी, बौद्ध, मुस्लीम, ख्रिस्ती किंवा नास्तिक पालकाला हवा असेल. आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकणाऱ्या हिंदू मुलालाही तितकाच हवा असेल.

मग पुस्तकात तुकाराम नको, गीता नको असे म्हणायचे का?

अजिबात नाही. न्यायालयांनी ही बाब दोनदा स्पष्ट केली आहे.

गुरू नानक यांचे जीवन आणि शिकवण यांच्या अभ्यासाला चालना देण्याची तरतूद अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्यात होती. डीएव्ही कॉलेजने तिला आव्हान दिले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एखाद्या संताच्या विचारांचा शैक्षणिक अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे.

दुसरा निकाल सप्टेंबर २००२ चा, अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार. २००० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सर्व धर्मांची ओळख करून देण्याचा मुद्दा होता. त्यामागे महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीचा १९९९ चा मूल्यशिक्षणावरचा अहवाल होता. धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीला कलम २८ ची आडकाठी नाही, असे न्यायालय म्हणाले.

फरक ओळखायचा कसा? तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत. ‘हा मजकूर काय सांगतो’ असे शिकवले जाते, की ‘हे खरे मान’ असे? विद्यार्थ्याने ‘मला हे पटत नाही’ असे उत्तर कारणांसह लिहिले, तर त्याला गुण मिळतात का? आणि हाच तास दुसऱ्या धर्माच्या ग्रंथावर याच पद्धतीने घेतला जाईल का?

बालभारतीच्या पुस्तकातला तुकारामांचा अभंग या कसोटीत उतरतो. तो मराठी भाषेचा ठेवा म्हणून शिकवला जातो. त्याचा अर्थ, अलंकार, काळ यांवर प्रश्न येतात. विठ्ठलावर श्रद्धा आहे का, असे परीक्षेत कोणी विचारत नाही. गुजरात सरकारने मार्च २०२२ मध्ये सहावी ते बारावीसाठी गीतेचा समावेश जाहीर केला. तो या कसोटीत बसतो का, हे गीतेच्या नावावरून ठरणार नाही. ती कशी शिकवली जाते, यावरून ठरेल. २०२४ च्या महाराष्ट्राच्या मसुद्यावरही याच अंगाने चर्चा व्हायला हवी होती. पाठांतराचा हेतू भाषेचा की भक्तीचा, हा प्रश्न मनुस्मृतीच्या गदारोळात मागेच पडला.

परिपाठातली प्रार्थना कुठे बसते?

खरी अडचण इथे सुरू होते. पुस्तकातला धडा अभ्यास ठरू शकतो. पण डोळे मिटून, हात जोडून म्हटलेली प्रार्थना ही अभ्यास नसते, ती उपासनेच्या जवळ जाते.

केंद्रीय विद्यालयांमध्ये बृहदारण्यक उपनिषदातली संस्कृत प्रार्थना म्हटली जाते. एका पालकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न घटनापीठाने ऐकावा, असे सांगितले. संस्कृतात आहे म्हणून एखादी गोष्ट धार्मिक ठरत नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता आणि त्यात तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाचे स्वतःचे बोधवाक्यही संस्कृतातच आहे. पण बोधवाक्य भिंतीवर असते. ते रोज हात जोडून म्हणावे, अशी अपेक्षा कोणाकडून केली जात नाही.

कायद्याच्या शब्दांतही एक फट आहे. पूर्ण सरकारी शाळांबाबतच्या पहिल्या पोटकलमात फक्त ‘धार्मिक शिक्षण’ हा शब्द आहे. ‘उपासना’ हा शब्द तिसऱ्या पोटकलमात, मान्यताप्राप्त आणि अनुदानित शाळांच्या संदर्भात येतो. मग सरकारी शाळेत उपासना चालते, असा अर्थ काढायचा का? तसा काढला, तर विचित्र निष्कर्ष निघतो. खासगी अनुदानित शाळेतल्या मुलाला संमतीचे संरक्षण आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला तेही नाही! जिथे पैसा पूर्णपणे जनतेचा आहे, तिथे संरक्षण अधिक हवे, हे सरळ तर्काला धरून आहे.

सक्तीच्या मुद्द्यावर न्यायालये अधिक ठाम राहिली आहेत. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्यामुळे शाळेतून काढले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. धर्मश्रद्धेमुळे गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. नाशिकच्या एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेला उभे राहत, पण हात जोडत नसत. त्यांची वाढीव वेतनश्रेणी रोखली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग करणारी असल्याचे म्हटले.

नाशिकचे शिक्षक प्रौढ होते, न्यायालयात जाऊ शकले. दुसरीतल्या मुलीने काय करायचे?

‘कोणाचीच तक्रार नाही’ म्हणजे संमती का?

शाळांचे नेहमीचे उत्तर असते : आजवर कोणी तक्रार केलेली नाही. हे बहुतेक ठिकाणी खरेही असेल. पण तक्रार करायची म्हणजे काय करायचे, हे पाहायला हवे. पालकाने मुख्याध्यापकांना भेटून ‘माझ्या मुलाला यातून वगळा’ म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून ते मूल रांगेतून बाहेर, वर्गात एकटे बसणार. बाकीची मुले विचारणार, ‘तू का नाही?’ त्याचा धर्म, जात किंवा घरचे विचार काय, हे साऱ्या शाळेला कळणार. हे टाळण्यासाठी बहुतेक पालक गप्प बसतील. त्या गप्प बसण्याला संमती म्हणता येत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९६२ मध्ये हाच प्रश्न आला होता. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी २२ शब्दांची प्रार्थना तयार केली होती. ती कोणत्याही एका पंथाची नव्हती आणि नको असेल त्या मुलाला बाहेर राहण्याची मुभाही होती. तरीही न्यायालयाने ती रद्द केली. सरकारचे वजन एका बाजूला पडले, की वेगळे मत असणाऱ्यांवर न दिसणारा दबाव येतो, असे कारण दिले.

आपली घटना अमेरिकेइतकी कडक भिंत उभी करत नाही. खासगी शाळांतली प्रार्थना ती बंद करत नाही. ती फक्त आधी विचारा, एवढेच सांगते. आणि विचारणे आपल्या शाळांना नवे नाही. रायगडला एका दिवसाची सहल न्यायची, तरी पालकांचे संमतीपत्र घेतात. ‘अपार’ ओळख क्रमांकासाठी संमतीपत्र घेतात. ज्या एका गोष्टीसाठी संमती घ्या असे थेट राज्यघटनेत लिहिले आहे, तिच्यासाठी मात्र कागद फिरत नाही.

नियम सर्वांना सारखा लागू होतो का?

आसामने डिसेंबर २०२० मध्ये कायदा करून सरकारी खर्चाने चालणारे मदरसे सर्वसाधारण शाळांमध्ये बदलले. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. आधार होता कलम २८ चे पहिले पोटकलम : संपूर्ण खर्च सरकारचा, तर धार्मिक शिक्षण नाही. उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणाच्या पदव्यांचा भाग वगळता कायम ठेवला. मान्यताप्राप्त, अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षण देता येते, फक्त विद्यार्थ्यावर सक्ती नको, हे तिसऱ्या पोटकलमाचे सूत्र तिथे लागू झाले.

दोन्ही निकाल एकत्र वाचले, तर नियम सुसंगत आहे. अडचण निवडक वापराची आहे. आसामात पहिल्या पोटकलमाचे स्वागत करणाऱ्याला इतर राज्यांतल्या सरकारी शाळांत एका धर्माचे पाठांतर आले, की ‘ही संस्कृती आहे’ म्हणता येणार नाही. आणि सरकारी शाळेतल्या पूजेला विरोध करणाऱ्याला आपल्या समाजाच्या अनुदानित शाळेत दुसऱ्याच्या मुलाला उपासनेला बसवून ‘हा आमचा हक्क आहे’ म्हणता येणार नाही. अल्पसंख्याक संस्थांना कलम ३० खाली शाळा चालवण्याचा हक्क आहे. तिथे शिकणाऱ्या मुलाचा कलम २८ चा हक्क त्यामुळे संपत नाही.

संस्कृतीचे काय?

या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की महाराष्ट्रात धर्म आणि संस्कृती वेगळी काढता येत नाही. पसायदान धार्मिक म्हणायचे की वैश्विक? साने गुरुजींची प्रार्थना कोणत्या धर्माची? शाळेतून हे सगळे काढले, तर मुलांना काय उरेल?

आक्षेप खरा आहे, म्हणून उत्तरही सरसकट असू नये. सर्व माणसांसाठी मागणे मागणारी रचना आणि एका देवतेची आरती यांत फरक आहे आणि तो शिक्षकांना कळतो. शंका असेल तिथे ती रचना पुस्तकात, संगीताच्या तासाला, स्नेहसंमेलनात ठेवता येते. तिथे ती गायली जाईल, समजावली जाईल, तिच्यावर प्रश्नही विचारले जातील. ज्ञानेश्वरांना वर्गातून बाहेर काढा, असे कलम २८ म्हणत नाही. उलट, रोज अर्थ न कळता म्हटलेल्या ओळींपेक्षा एकदा नीट शिकवलेल्या ओळी मुलांच्या अधिक लक्षात राहतात.

काय करता येईल?

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, मोठा खर्चही नाही. शालेय शिक्षण विभागाने एक परिपत्रक काढले, तरी पुरेसे आहे. पूर्ण सरकारी शाळांच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रास्ताविका, बातम्या, सुविचार असावेत. कोणत्याही धर्माची उपासना नसावी. अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी प्रार्थना किंवा धार्मिक कार्यक्रम होत असल्यास ते प्रवेशाच्या वेळी लेखी कळवावेत आणि पालकांची होकार-नकाराची सही घ्यावी. नकार दिलेल्या मुलाला रांगेतून बाहेर काढू नये. शांत उभे राहण्याची मुभा द्यावी, म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवले जाणार नाही. आणि सर्व धर्मांची ओळख इतिहास, भाषा, नागरिकशास्त्राच्या तासाला मोकळेपणाने करून द्यावी.

यातून काही शाळांत शंभर टक्के पालक होकार देतील. द्यावा. तो त्यांचा हक्क आहे आणि तेव्हा त्या प्रार्थनेला घटनेचा पूर्ण आधार असेल. एखाद्या शाळेत दोनच पालक नकार देतील. त्या दोन घरांना आपले म्हणणे मुलाच्या वाट्याला टोमणे न येता सांगता आले, तर कलम २८ त्या शाळेत पहिल्यांदा खऱ्या अर्थाने लागू झाले असे म्हणता येईल.